मी नसताना पळणारं मीटर

वीज कशी वाचवावी हे मला कोणी सांगायला लागलं की अजूनही माझं डोकं फिरतं. त्यातून सांगणारा पुरुष असला आणि त्याने "गृहिणींनी मनावर घेतलं तर" अशी सुरुवात केली, तर मी चष्मा काढून मांडीवर ठेवते. निदान तो दिसत तरी नाही. गृहिणींनी मनावर घेतलं होतं, बाबा. एका गृहिणीने तर इतकं घेतलं होतं की आज ती समोर आली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन. ती गृहिणी म्हणजे मीच. वय पंचवीस-सव्वीस, मुक्काम जळगाव, कडेवर एक लेक आणि डोक्यात नवऱ्याची भाषणं.

वीज जाळा असं मी म्हणत नाही. रिकाम्या खोलीतला दिवा मला आजही बघवत नाही. माझा राग वेगळाच आहे आणि तो काही केल्या शिळा होत नाही.

माझं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. तिथे गावात खांब होते, घरात एक दिवाही होता, पण तो पिकल्या लिंबाएवढाच पिवळा पेटायचा आणि तेही त्याच्या मर्जीने. लग्न होऊन जळगावात आले तर इथे बटण दाबलं की डोळे दिपत. घर एका ओळीतलं, तीन खोल्यांचं. पुढची खोली स्लॅबची, तिला पंखा. मधली सासूबाईंची. शेवटचं स्वयंपाकघर, वर पत्रा. त्या पत्र्याखालच्या तुळईला पंख्यासाठी एक हूक ठोकलेला होता, नुसताच. मी त्याला कांद्याची टोपली टांगत असे. जळगावचं मे महिन्यातलं ऊन, डोक्यावर तापलेला पत्रा, खाली वातीचा स्टोव्ह आणि शेजारी चूल. भाकरी कोण भाजतंय आणि कोण भाजून निघतंय, हे सांगणं अवघड व्हायचं.

आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि रविवारी भाषणं द्यायचे. विषय ठरलेला, वीज वाचवा. आवाज खणखणीत, हातवारे छान, उदाहरणं घरातली. शाळांत बोलवायचे, मंडळांत बोलवायचे, जामनेरपर्यंत जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. नारळ फोडायला स्वयंपाकघरात येई, शाल ट्रंकेत जाई. जळगावच्या उन्हाळ्यात माणसाला शाल पांघरतात आणि तो घामाने निथळत "धन्यवाद" म्हणतो, हे मी स्वतः बघितलंय.

एकदा जेवताना मी म्हटलं, "अहो, स्वयंपाकघरात एक पंखा लावू या ना. हूक आहेच."

हे घास हातात धरून थांबले. भाषणाआधी थांबत तसेच. "पंखा लावायला माझी ना नाही. पण बाहेर मी लोकांना सांगतो वापर कमी करा, आणि घरात वाढवू? तू असं कर. पुढच्या आखाजीपर्यंत आपलं मीटर सावकाश फिरेल असं बघ. जी वीज वाचेल, त्यात तुझा पंखा बसेल. वापर वाढला नाही आणि पंखाही आला. पटतंय का?"

पटलं! मला ते इतकं पटलं की मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. पुढच्या खोलीतला पंखा कोणी काय वाचवल्यावर लागला, हा प्रश्न त्या बावळट पोरीच्या डोक्यात आला नाही. तो आला पुढे बऱ्याच वर्षांनी, भांडी घासताना, आणि तेव्हा हातातला तवा मी असा आपटला की सासूबाई दचकून उठल्या.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तिचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. माहेरचा माणूस, मुराळी म्हणतात त्याला, जाऊन त्यांना घेऊन येतो. मग निंबाला झोके, गाणी, पुरणपोळी, आमरस. आलेल्या लेकीने माहेरी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. मला लग्नानंतर पहिल्या वर्षी भाऊ घ्यायला आला होता. त्यानंतर नाही, कारण आमच्या अक्का भुसावळहून यायच्या. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. त्या माहेरी येणार तर त्यांना पोळी करून घालायला त्यांच्या माहेरी कोणीतरी हवंच की. ती कोणीतरी मी.

तर मी पंख्यासाठी कामाला लागले. पहिल्यांदा मिक्सर फडक्यात बांधून फळीवर ठेवला आणि पाटा-वरवंटा खाली काढला. चटणी पाट्यावर, शेंगदाण्याचा कूट पाट्यावर, वाटण पाट्यावर. मग पाणी तापवायचा विजेचा रॉड खुंटीला टांगला आणि अंगणात तांब्याचा बंब मांडला. बंबाला पऱ्हाट्या लागतात, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. त्या मोडायच्या मी, पेटवायच्या मी, धुराने डोळे चोळायचे मी. बंबातले निखारे वाया का घालवायचे? ते पितळेच्या तांब्यात भरून यांच्या शर्टांना इस्त्री. विजेची इस्त्री कपाटावर. यांच्या विजारी गादीखाली घालून त्यांच्यावर रात्रभर आम्ही दोघं इस्त्री! स्वयंपाकघरातला दिवा काढून बारका झिरोचा लावला. त्या उजेडात मी एकदा फोडणीत मोहरीऐवजी खसखस टाकली आणि वर हे म्हणाले, "आज वेगळीच चव आहे, छान."

पुढच्या खोलीतला पंखा मात्र चालू. का, तर हे उत्तरपत्रिका तपासतात. घाम गळून कागदावरची शाई फुटते. माझा घाम कणकेत गळायचा. त्याचं कोणाला काही नव्हतं. उलट मीठ जरा बेतानं घालावं लागे.

आणि हे सगळं करताना ती मूर्ख मुलगी खूश होती! मीटर बाहेर ओट्यावर होतं. काचेच्या आत एक चकचकीत तबकडी आडवी फिरायची, तिच्या कडेला एक लाल खूण. सकाळी देवापुढे हात जोडायला मला वेळ नसे, पण मीटरखाली जाऊन मान वर करून उभी राहत असे. लाल खूण दिसेनाशी झाली की परत कधी येते ते बघत. ती उशिरा आली की मला गुदगुल्या व्हायच्या. शेजारणींना वाटायचं, हिचं कोणीतरी पत्र आणणार आहे म्हणून ही ओट्यावर घुटमळते.

दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो. आमच्याकडे विळी, पाटा, यांची सायकल, यांची पुस्तकं. त्या वर्षी मी मीटरलाही झेंडूचा हार घातला. काचेवर हळदकुंकू लावलं. सासूबाई ओट्यावर सोनं वाटायला निघाल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. त्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या, आणि बोलायच्या फार कमी.

"हाऊ कोनता देव शे वं?"

"माय, मीटर आहे. यावर आपली वीज मोजतात."

त्यांनी हाराकडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग याले नवस बोल. पंखा दे म्हन."

मी हसले. मला वाटलं, त्यांनी कौतुक केलं. पुढल्या आठवड्यात मीटर बघायला आलेला माणूस काचेवरचं कुंकू नखाने खरवडत बसला होता, तेव्हाही मला आपण काहीतरी मोठं करतोय असंच वाटत होतं. आणि यांनी तर ती गोष्ट भाषणात घेतली. "माझ्या घरी तर माझी पत्नी मीटरची पूजा करते!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसले होते आणि लाजून पदर सारखा करत होते. आज त्या टाळ्या आठवल्या की माझी कानशिलं तापतात. ते मीटरची पूजा सांगत होते. पऱ्हाट्यांनी सोललेले माझे हात त्यात कुठेच नव्हते.

आखाजी आली. अक्का आल्या. अक्कांचे यजमान रेल्वेत, राहणं भुसावळला क्वार्टरमध्ये, आणि तिथून जवळच वीज तयार करायचं मोठं केंद्र. तिथली राख वाऱ्याबरोबर उडते आणि धुतलेल्या कपड्यांवर, वाळवणावर येऊन बसते. आल्या आल्या अक्का पुढच्या खोलीत पंख्याखाली पाय पसरून बसल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "काय गं, तू वर्षभर एवढी वीज वाचवलीस म्हणे. माझ्या कुरडयांवर तर राख तेवढीच पडली. तू नक्की कोणाची वाचवलीस?"

त्यांची जीभ अशीच. मी मनात म्हटलं, म्हणू दे. संध्याकाळपर्यंत पंखा येतोय. मीटर सावकाश फिरतंय हे यांनीच कबूल केलं होतं, चार लोकांत सांगितलं होतं. सकाळीच हे बाजारात गेले होते. जाताना म्हणाले होते, "आज घरात गार वारा घेऊन येतो बघ." मी कांद्याची टोपली हुकावरून उतरवून ठेवली होती. हूक पुसलासुद्धा होता!

मी पाट्यावर पुरण वाटत होते. हरभऱ्याची डाळ आणि गूळ, गरम असतानाच वाटायचं, नाहीतर घट्ट होतं. वर पत्रा तडतडत होता. अक्का माठातलं पाणी प्यायला दारापर्यंत आल्या आणि तिथूनच मागे सरल्या.

"बाई गं! अगं, इथे माणूस कसं उभं राहतं?"

"आज पंखा येतोय अक्का."

तेवढ्यात बाहेर हातगाडी थांबल्याचा आवाज आला. मी हात न धुताच पुढे पळाले. गाडीवर हिरव्या पत्र्याचा एक कूलर होता. मोठा, कपाटाएवढा, तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या. हे सायकलवरून उतरत होते आणि घामाने भिजलेल्या चेहऱ्यावर केवढा आनंद.

"बघ! तुझ्या बचतीवर आला!"

हमालाने तो उचलून पुढच्या खोलीच्या खिडकीत बसवला. पुढच्या खोलीच्या. मी दारात उभी. हाताला पुरण.

"आणि माझा पंखा?" मी विचारलं.

"अगं, पंख्याने स्टोव्हची ज्योत हलते. मी विचार केला. त्यापेक्षा कूलर बरा. इथे माणसं येतात, मुलं शिकवणीला येतात. आणि मधली दारं उघडी ठेवलीस की गार हवा आपोआप आत येईल तुझ्यापर्यंत."

मधल्या खोलीतून, सासूबाईंच्या खाटेवरून वळसा घालून, पत्र्याखाली, माझ्यापर्यंत. विज्ञान शिकवायचे हो हे!

आता तुम्हाला वाटेल, मी तिथेच भडकले. छे! ती पोरगी काय म्हणाली माहीत आहे? "छान आहे रंग," म्हणाली. आणि पुरण वाटायला आत निघून गेली. रडूही धड येईना. पाट्यावर वरवंटा जोरात चालत होता एवढंच.

थोड्या वेळाने पुढून हाक आली. "अगं, कूलरमध्ये पाणी टाक गं! नुसतीच गरम हवा मारतोय."

कूलर पाण्यावर चालतो, हे मला तेव्हा कळलं. सकाळी बादल्या ओतायच्या, संध्याकाळी ओतायच्या. नळ मागच्या अंगणात आणि कूलर पुढच्या खिडकीत. म्हणजे माझ्या बचतीवर मला आणखी एक काम लागलं होतं. मी अंगणात गेले, बादली भरली, उचलली आणि स्वयंपाकघरातून पुढे निघाले. दंडापासून खांद्यापर्यंत हात भरून आलेला, वर्षभराच्या पाट्याने.

मधल्या खोलीत अक्का उभ्या होत्या. त्यांनी वाट अडवली.

"ठेव ती बादली."

"अक्का, यांनी सांगितलंय..."

"ठेव म्हणते ना!" मग मान वळवून पुढे ओरडल्या, "भाऊ, ऊठ. तुझा कूलर, तूच भर."

हे हसले. "अक्का, आज सण आहे गं. तू आराम कर. ती करेल."

"ती करेल," अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या. यांच्याच आवाजात, यांच्याच चालीवर. बस, तेवढंच. आणि ते दोन शब्द बाहेरून ऐकले तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. वर्षभर या घरात वीज वाचली नव्हती. "ती करेल" एवढंच झालं होतं.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. माळ ओढत होत्या असं वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "वहू, तुन्ही माय बी वाट देखी राहिनी व्हई."

तुझी आईसुद्धा वाट बघत असेल.

मी ती भरलेली बादली अंगणात परत नेली आणि तिच्यात हातपाय धुतले. तोंड धुतलं. शेवटी उरलेलं पाणी सरळ डोक्यावर ओतून घेतलं. एवढं गार मला त्या घरात पहिल्यांदा वाटलं. लुगडं बदललं, लेकीला कडेवर घेतलं, पिशवीत तिचे दोन फ्रॉक टाकले. पुरण अर्धं वाटलेलं, पाट्यावर तसंच.

"कुठे निघालीस?" हे दारात. आवाजात भाषणाचा पत्ता नाही.

"आखाजी आहे. माहेरी."

"घ्यायला कोण आलंय?"

"मीच आले मला घ्यायला."

"आणि पोळ्या?"

पाठीमागून अक्का म्हणाल्या, "पोळ्यांचं मी बघते. म्हणजे भाऊ करेल आणि मी बसून बघेन."

जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे बैलगाडी. पोचले तेव्हा दिवस कलला होता. आईने पाणी दिलं आणि झोक्यावर बसलेल्या माझ्या चुलतबहिणीला म्हणाली, "उतर, तिले बसू दे." मी झोक्यावर बसले. गावात त्या दिवशी वीज नव्हती. तिची आठवणही कोणी काढली नाही. मागून कोणीतरी ढकललं आणि मी वर गेले, तेव्हा कानांजवळून वारा गेला आणि मग मात्र मी रडले. झोका वर असताना रडलं तर खालच्यांना दिसत नाही.

शाळा उघडायला आल्या तेव्हा मी परत निघाले. हे न्यायला आले नव्हते. रागात होते आणि माझ्याही मनात त्यांचं येणं नव्हतं. घराच्या ओट्यावर पिशवी टेकवली आणि सवयीने मान वर केली.

मीटरची तबकडी पळत होती. अशी पळत होती की लाल खूण दिसतच नव्हती. नुसती एक लाल रेघ.

आत गेले. मिक्सर घरघरत होता. बादलीत रॉड, बादलीच्या वर वाफ. टेबलावर चादर अंथरून इस्त्री तापत ठेवलेली. कूलर चालू, आत पाणी नाही, गरम हवा मारतोय. भर दुपारी स्वयंपाकघरात मोठा दिवा. आणि हे बनियनवर, हाताला चटणी, मिक्सरचं झाकण दाबून धरलेले.

मला बघून आधी चेहरा उजळला. मग चटकन राग आला, कारण आधी राग आला असता तर बरं दिसलं असतं. "बघितलंस मीटर? तू नव्हतीस तर किती वीज गेली! घरात कोणाचं लक्षच नाही."

मी लेकीला खाली उतरवलं. त्यांचा चटणीचा हात धरला, ओट्यावर आणलं आणि मीटरखाली उभं केलं.

"ती पळतेय ना, ती मी आहे."

"काय?"

"मी. पाट्याशी बसायची ती, पऱ्हाट्या मोडायची ती. वर्षभर मी इथे होते तर तुमच्या मीटरला दिसले नाही. आता मी नाही, तर बघा कशी दिसतेय. लोकांना सांगायचंय ना काही? हे सांगा."

हे मान वर करून ती लाल खूण शोधू लागले. आणि खरं सांगते, माझा राग त्याने रतीभरही कमी झाला नाही. आजही झालेला नाही. मधल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "मंग? देव पावना का नही?" पावला का नाही, म्हणे.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या हुकाला पंखा लागला. स्टोव्हची ज्योत हलायची, हे खरंच होतं. मी तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा स्टोव्हभोवती आडोसा म्हणून उभा केला. एवढंच लागत होतं. कूलर भरायचं काम पुढे ज्याला गार हवा पाहिजे त्याचं झालं, आणि बरेचदा तो कोरडाच असे. भाषणं चालू राहिली. मीटरच्या पूजेची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कुठे सांगितली नाही. निदान मी ऐकत असताना नाही.

पंखा लागला त्या दुपारी मी स्वयंपाक उरकला, भांडी आवरली आणि लेकीला घेऊन अंगणातल्या सावलीत जाऊन बसले. आत पंखा तसाच चालू. दारातून मला तो दिसत होता. रिकाम्या स्वयंपाकघरात एकटाच फिरत होता.

हे मागच्या दारात आले. पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, आत कोणी नाही. पंखा चालू राहिलाय."

"माहीत आहे."

"मग बंद कर ना."

"राहू दे," मी म्हटलं. "मी होते तेव्हा पंखा नव्हता. आता पंखा आहे आणि मी नाही. फिरू दे थोडा वेळ."